टबातली करडी रेघ

३ मार्च, रविवार

आज बाथरूम साफ केली. इतर लोक साफ करतात आणि मी साफ करते, यात फरक आहे. शॉवरची चाळणी व्हिनेगरच्या पिशवीत बुडवून ठेवली, सगळी भोकं मोकळी झाली. टाइल्सच्या फटी जुन्या टूथब्रशने. ड्रेनमधून केसांचा गुंता काढला. लांबी पाहता केस माझे असावेत, पण खात्री करून घेतली नाही. टब मऊ स्पंजने, वरून खाली. शेवटी शॉवरची काच.

काचेवर आमच्या लॅबमधला नवा लेप लावला. काचेवर लावायच्या लेपांची तपासणी हे माझं काम. नमुन्याची एक मोठी बाटली उरली होती. लावला, पुसला, जास्तीचा होता तो भरपूर पाण्याने खाली टबात सोडून दिला. आता पाण्याचा थेंब काचेवर टिकतच नाही, घरंगळतो. नवऱ्याला बोलावून दाखवलं. छान आहे, म्हणाला, आणि आता मी आत जाऊ का, असं विचारलं.

ठरलं: बाथरूम यापुढे याच पातळीवर राहील. दर रविवारी लेप. हे लिखाण माझ्यापुरतं आहे, त्यामुळे स्पष्ट लिहायला हरकत नाही.

स्पष्टच लिहायचं तर: गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे आहेत. त्या कायमच्या इथे राहणार की नणंदेकडे जाणार, हे महिनाअखेरीला ठरायचं आहे. नणंदेचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवऱ्याला त्या इथे हव्या आहेत. त्याने माझं मत विचारलं. पुरेशी माहिती जमल्याशिवाय मी मत देत नाही, असं सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. का, ते कळलं नाही.

५ मार्च, मंगळवार, सकाळी

टबात रेघ. करडी, चिकट, सगळीकडे एकाच उंचीची. म्हणजे तिथपर्यंत पाणी साठवलं गेलं होतं.

घरात तीन माणसं. स्वतःला वगळलं, मीच टब धुतला. नवरा वगळला, तो शॉवरखाली उभा राहतो, अंग ओलं झालं की बाहेर येतो, पाणी साठायला वावच नसतो. मी कुणावर आरोप करत नाही. उरलेल्या व्यक्तीचा गुडघा डॉक्टरांनी गरम पाण्यात शेकायला सांगितलेला आहे, एवढंच लिहून ठेवते.

संध्याकाळी

रेघ सकाळपेक्षा फिकट. हे जास्त गंभीर आहे. डाग आपणहून कमी होत नसतात.

७ मार्च, गुरुवार

आज दुपारी कामावर जायचं होतं, सकाळी घरीच होते. सासूबाई बाथरूममध्ये गेल्या, आतून कडी. आधी पाण्याचा आवाज. मग खर्र खर्र. मग थांबलं. मग परत खर्र खर्र. मी दाराबाहेर उभी नव्हते. पॅसेजमधला बल्ब बदलायचा होता.

बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल, श्वास फुललेला. हातात जुन्या अभ्र्याचा ओला तुकडा, तो पटकन मागे घेतला. काय झालं, विचारलं. अगं काही नाही, जरा वेळ लागतो हल्ली, म्हणाल्या. आणि तू बल्ब हातात घेऊन अशी काय उभी, म्हणून मलाच विचारलं.

प्रश्नाला प्रश्नाने उत्तर. लक्षात ठेवलं.

आमच्या कामात "काही नाही" असा निष्कर्ष नसतो.

कामावरून आले तर टेबलावर चहा झाकून ठेवलेला. गरम. कारण अज्ञात. प्यायले.

१० मार्च, रविवार

काचेला दुसरा हात. या वेळी सढळ हाताने. काच अप्रतिम. टब मात्र घरातल्या एका सदस्याच्या मेहेरबानीने पुन्हा करडा. पूर्ण घासला.

सासूबाई म्हणाल्या, हल्ली टबात पाय सरकतो गं, मागच्या आठवड्यापर्यंत नव्हता सरकत. मी म्हटलं, वयाप्रमाणे तोल जातो कधीकधी. त्या म्हणाल्या, वय मागच्या आठवड्यातही होतं. नवरा हसला. मी हसले नाही.

हे बोलणं सहज नव्हतं, असा माझा अंदाज आहे. टब धोक्याचा आहे, असं आधी पसरवायचं. मग उद्या रेघेचा विषय निघाला की चर्चा आपोआप टबावर जाते, माणसावर नाही.

तरीही त्यांच्यासाठी रबरी मॅट आणली. माझ्याकडून काही राहायला नको.

१२ मार्च, मंगळवार

मॅट टबाला चिकटत नाही. खालचे रबरी वाडगे दाबून बसवले की हळूहळू सुटतात आणि मॅट स्वतःच फिरायला निघते. निकृष्ट माल. परत द्यायला गेले. दुकानदार म्हणाला, बाई, ह्या मॅटी शेकड्याने विकल्यात, एक परत आली नाही. तुम्ही टबाला लावता तरी काय? मी त्याला सांगितलं की मी लेपांच्या तपासणीतच काम करते आणि प्रश्न मॅटचा आहे. तो म्हणाला, असं का, बरं बरं. त्या "बरं बरं"चा सूर मला आवडला नाही.

संध्याकाळी नणंदेचा फोन. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू असतो. मी स्वयंपाकघरात होते आणि स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, यात माझा दोष नाही.

नणंद म्हणत होती, आई, ती बोलते का गं तुझ्याशी नीट? सासूबाई म्हणाल्या, बोलते की, मोजून बोलते. नणंद म्हणाली, तू ये बाई इकडे, इथे निदान भांडायला तरी कोणी असेल. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, तुझे तीन जिने कोण चढणार? आणि इथे बरं आहे गं मला. पोरगी वाईट नाही, फक्त समोरच्याकडे भिंग लावून बघते.

"वाईट नाही." म्हणजे चर्चा झालेली आहे.

१४ मार्च, गुरुवार

अनुमानावर विसंबून राहणं मला जमत नाही. सकाळी रेघेचा नमुना कापसाच्या बोळ्यावर घेतला, डबीत बंद केला आणि लॅबमध्ये नेला. शेजारच्या टेबलावरचा केमिस्ट यंत्रावर बसतो. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडून तपासून घेतलं.

निकाल: सिलिकोन.

केमिस्ट स्क्रीनकडे बघून म्हणाला, अरे, हे तर आपलंच बाळ दिसतंय. मी म्हटलं, तुझं यंत्र खराब झालंय, सकाळी आपलेच नमुने चालवले होतेस, त्याचं आत काहीतरी राहिलं. त्याने यंत्र धुऊन पुन्हा चालवलं. निकाल तोच. मी त्याला दाखवून दिलं की यंत्र नीट धुतलं गेलेलं नाही. तो म्हणाला, तू म्हणशील तसं, पण माझा डबा गार होतोय.

यंत्राचा दोष धरूनही सिलिकोन असू शकतं. केसांच्या कंडिशनरमध्ये असतं, क्रीममध्ये असतं. म्हणजे घरात कुठेतरी एक बाटली आहे, जी मला दाखवलेली नाही.

१५ मार्च, शुक्रवार

जेवताना सहज विचारलं, आई, तुम्ही केसांना काय लावता? त्या म्हणाल्या, केस आहेत कुठे आता लावायला. नवऱ्याला म्हणाल्या, बघ, सूनबाईंना माझ्या सौंदर्याचं गुपित हवंय. दोघं हसली.

सफाईने उत्तर टाळलं.

१७ मार्च, रविवार

तिसरा हात. बाटली अर्ध्यावर आली. काचेतून पलीकडची टाइल इतकी स्पष्ट दिसते की काच आहे हेच विसरायला होतं. नवरा विसरला. कपाळावर टेंगूळ.

दुपारी सासूबाई खाली बागेत चक्कर मारायला गेल्या. त्यांची चादर बदलायची होतीच. चादर बदलताना माणूस थोडं इकडेतिकडे बघतोच.

सापडलं ते असं. खणात: साधा साबण, कंगवा, गुडघ्याला चोळायचं तेल. तेल वनस्पतीचं, सिलिकोन नाही. कपाटात: कपडे, औषधं. पलंगाखाली, भिंतीला लागून, दोरीने बांधलेली पिशवी. आत घासायच्या पावडरचा डबा, टूथब्रश आणि तो अभ्र्याचा तुकडा.

बाटली नाही. पण विचार करण्यासारखं आहे. बाथरूम घासायची पावडर बाथरूममध्ये असताना कुणी आपल्या पलंगाखाली वेगळी का ठेवेल? साफ करायचं सामान लपवून ठेवणारा माणूस मागे काहीतरी सोडत असतो आणि ते पुसत असतो. सकाळी गडद, संध्याकाळी फिकट. सगळं जुळतं.

मी वाकलेलीच होते तेव्हा दारातून आवाज आला, काय हवंय बाळ? सांग, मी काढून देते. मी म्हटलं, चादर. त्या म्हणाल्या, ती तुझ्या खांद्यावर आहे.

त्या आत आल्या नाहीत. दारातच काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी पिशवी होती तशी आत सरकवली. गाठ मात्र मला त्यांच्यासारखी बांधता आली नाही.

१८ मार्च, सोमवार

नवऱ्यासमोर सगळं मांडलं. फोनवरचे फोटो क्रमाने लावले होते. सकाळ, संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ. शेवटी पिशवीचा.

तो म्हणाला, तू माझ्या आईच्या खोलीची झडती घेतलीस? मी म्हटलं, निरीक्षण. तो म्हणाला, टबाला एक रेघ येते म्हणून? मी म्हटलं, रेघेचा प्रश्न नाही, लपवण्याचा आहे. आज रेघ लपवतात, कायमच्या राहायला आल्या की काय काय लपवतील, याची माहिती नको का आपल्याला? तो म्हणाला, मग सरळ विचार की तिला. मी म्हटलं, पुरावा पूर्ण व्हायच्या आत विचारलं तर समोरचा सावध होतो.

तो उठला आणि भांडी घासायला लागला. भांडी आधीच घासलेली होती. मी ते त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने आणखी जोरात घासली.

२० मार्च, बुधवार

आज रात्रीच्या जेवणात विषय काढला. शब्द आधी ठरवून ठेवले होते, त्यात एकही आरोप नव्हता. म्हटलं, आई, सकाळी टबामध्ये नेमकं काय होतं, ते समजून घ्यायचं होतं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाल्या, म्हणजे दिसलंच तुला. मला वाटत होतं, तुझ्या नजरेला पडायच्या आत आवरेन मी.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. कबुली याहून स्पष्ट काय असते?

नवरा म्हणाला, आई, अगं काय आवरत होतीस? त्या म्हणाल्या, राहू दे रे. मग पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, मी थोडे दिवस ताईकडे जाते. तिलाही बरं वाटेल. नवरा म्हणाला, जिने? त्या म्हणाल्या, एकदाच तर चढायचेत, रोज थोडीच उतरणार आहे.

मी म्हटलं, तुम्हाला सोयीचं असेल तसं. हे मी शांतपणे म्हटलं. अशा वेळी एवढा समतोल किती जणांना राखता येतो, मला शंका आहे. नवरा रात्री बाहेर सोफ्यावर झोपला. पाठीसाठी असेल.

२३ मार्च, शनिवार

सासूबाई गेल्या. नवरा सोडून आला. परत आल्यावर सांगत होता की प्रत्येक मजल्यावर खुर्ची मागवून बसवावं लागलं. मी विचारलं, सामान सगळं गेलं ना? तो म्हणाला, सगळं. पिशवीसुद्धा. पिशवीवर जोर दिला.

निघताना त्या मला म्हणाल्या, दुपारचं नीट जेवत जा, नुसती बिस्किटं खातेस. हे त्यांना कसं माहीत? माझ्यावरही लक्ष होतं तर.

संध्याकाळी टब वरून खाली पूर्ण पद्धतीने धुतला. पांढरा शुभ्र. काचेला चौथा हात, जरा भरपूरच, बाटली संपवायची म्हणून. प्रकरण संपलं.

२४ मार्च, रविवार

या घरात आल्यापासून मी टबात एकदाही बसले नव्हते. कायम शॉवर. आज टब काठोकाठ भरला आणि बसले. आता मिळवलेलं उपभोगायला हरकत नाही. शिवाय यात एक चाचणीही होती: संशयित व्यक्ती नसताना टब स्वच्छ राहतो, हे एकदा नोंदवलं गेलं पाहिजे.

पाणी सोडून दिलं. दात घासले. वळून बघितलं.

रेघ.

जाड. पूर्वीच्या कुठल्याही फोटोपेक्षा जाड.

२५ मार्च, सोमवार

नवऱ्याला विचारलं, काल तू टबात काही ओतलंस का? तो म्हणाला, मी शनिवारपासून जिममध्ये आंघोळ करतो. मी विचारलं, का? तो म्हणाला, तुझ्या टबाजवळ जायची भीती वाटते, उद्या माझेही फोटो निघायचे.

म्हणजे तोही वगळला गेला. पद्धतीत कुठेतरी चूक आहे. पाण्याची टाकी? वरचा मजला? वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे जाऊन विचारलं, तुमच्याकडे टबाला रेघ येते का? त्या म्हणाल्या, आमच्याकडे टबच नाही.

संध्याकाळी

टब घासायला आत उतरले आणि पाय गेला. काच धरायला हात टाकला. काचेवरून पाणी ज्या सफाईने घरंगळतं त्याच सफाईने माझा हात घरंगळला. मी टबात बसले. स्वतःच्या इच्छेने नव्हे.

बसल्या जागेवरून समोर काच दिसत होती, काचेवरचे थेंब दिसत होते, आणि ते खाली कुठे येतात तेही दिसत होतं.

नवऱ्याने उठवल्यावर बाटली वाचली. बाटलीवर लिहिलं आहे: फक्त उभ्या काचेसाठी. जास्तीचा लेप कापडाने टिपून घ्यावा, धुऊन खाली सोडू नये. जमीन निसरडी होते व मळ धरते. मी हे आधी वाचलं नव्हतं. सूचना ग्राहकांसाठी असतात.

२७ मार्च, बुधवार

बसता येत नाही, उभ्याने लिहिते आहे.

रेघ काढायचा प्रयत्न. स्पंजने निघत नाही. पावडर आणि कापड घेऊन, गुडघे टेकून, सगळं वजन हातावर टाकून घासलं तर थोडी फिकट होते, जात नाही. बाहेरून नवऱ्याने विचारलं, खर्र खर्र काय चाललंय? मी म्हटलं, काही नाही.

मग हात थांबला.

मला दोन चांगले गुडघे आहेत आणि तरीही उठताना टबाचा काठ धरावा लागला. त्यांचा एक नवीन आहे, दुसऱ्याचा नंबर अजून लागायचा आहे. त्या हे रोज करत होत्या. दार लावून. माझी नजर पडायच्या आत.

याला दुसरं काही स्पष्टीकरण आहे का, ते बराच वेळ शोधलं. नाही.

३१ मार्च, रविवार

आज ठरायचं होतं. नवरा सकाळीच नणंदेकडे गेला. मला चल म्हणाला नाही. मी येऊ का, असं मीही विचारलं नाही. दुपारी फोन केला. मनात तीन वाक्यं तयार होती.

नणंदेने उचलला. अगदी गोड आवाजात म्हणाली, बोला, आज काय तपासायचंय? मी म्हटलं, ताई, आईंना द्या. ती म्हणाली, स्पीकरवरच आहे, बोल, सगळेच ऐकतोय.

पहिलं वाक्य: रेघेचं कारण सापडलं. सासूबाई म्हणाल्या, काय होतं गं? मी म्हटलं, काचेवरचा लेप. म्हणजे माझा. दर रविवारी.

मग सासूबाई म्हणाल्या, अगं बाई! मी आपली समजत होते माझ्या गुडघ्याच्या तेलाचं आहे. किती घासायचे मी. म्हटलं, महिनाअखेरीला ही मंडळी ठरवायला बसणार, तोवर टब पांढरा दिसला पाहिजे. नाहीतर म्हणाल, म्हातारी आली आणि घर घाण झालं.

दुसरं वाक्य माफीचं होतं. ते म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, गुडघा कसा आहे? त्या म्हणाल्या, सुजलाय, जिन्यांनी, उतरेल. नवरा मागून काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही.

तिसरं वाक्य: मग परत या. हे वाक्य मी नीट म्हटलं, असं मला वाटतं. थोडं मोठ्याने झालं.

त्या म्हणाल्या, ठरलं गं सकाळीच. इथे राहते. ताईने कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून मला दिलाय, आता तिला परत भरायला कुठे लावू? रागाने नाही म्हणत. तुझ्या घरात मी फार जपून वागत होते बाळ, दमायला होतं.

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवला नाही त्यांनी. म्हणाल्या, आणि मग तो टब आता सुटणार कसा? खरं तेच सांगितलं: सुटत नाही. हा लेप कशानेही न निघता दोन वर्षं टिकतो, तशी चाचणी झालेली आहे. चाचणी मीच केली होती. याआधी कधी नव्हे इतकी नणंद हसली. नवरासुद्धा. सासूबाई म्हणाल्या, हसू नका रे, पोरगी आंघोळ कुठे करते मग? मी म्हटलं, टबाबाहेर, बादलीने. आता वाकताही येत नाही, त्यामुळे केस धुतलेले नाहीत. त्या म्हणाल्या, का, वाकायला काय झालं? सांगावं लागलं. आता तिघंही हसली, त्याही.

मग म्हणाल्या, ये इकडे. स्टूल आहे, मी मागून पाणी ओतते, केस धुऊन देते. आत्ताच ये, गरम पाणी आहे.

या आमंत्रणामागे काय हेतू असावा, ते अजून लक्षात आलेलं नाही. टॉवेल आणि शाम्पू बॅगेत भरला आहे. तीन जिने आहेत, सावकाश चढेन.